व्हीपीएन आधी की राउटर आधी?

डोंबिवलीच्या मावशीने मागच्या महिन्यात फोन करून विचारलं, "अरे, ते व्हीपीएन घेऊ का? दोन वर्षांचं एकदम भरलं तर निम्म्यात पडतंय." काका पेन्शनचे व्यवहार मोबाइलवर बघतात, नातीचे क्लास लॅपटॉपवर चालतात, दारात कॅमेरा आहे, हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही. तिची काळजी रास्तच होती. रविवारी जाऊन बघितलं, तर वायफायचा पासवर्ड म्हणजे काकांचाच मोबाइल नंबर. नेट जोडायला आलेला मुलगा तो तसाच ठेवून गेला होता. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड अजूनही 'ॲडमिन' होता.

हाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांसाठी दोन्ही खर्च समोरासमोर मांडतो. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांनी पहिले पैसे आणि पहिला रविवार राउटरला द्यावा. व्हीपीएन नंतर, तेही लागलं तरच.

व्हीपीएनने काय मिळतं

व्हीपीएन तुमच्या फोनपासून स्वतःच्या सर्व्हरपर्यंतची सगळी ये-जा एका बंद नळीतून नेतं. इंटरनेट कंपनीला नळी दिसते, आतलं दिसत नाही. पण नळीच्या दुसऱ्या टोकाला व्हीपीएन कंपनी बसलेली असते. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे आधी एकाला कळायचं, आता दुसऱ्याला कळतं. बँकेचं किंवा खरेदीचं पान एचटीटीपीएस या कुलूपबंद पद्धतीमुळे तसंही बंद पाकिटातूनच जातं. मधल्या माणसाला मजकूर वाचता येत नाही, साइटचं नाव मात्र कळू शकतं. घरच्या नेटवर व्हीपीएन झाकतं ते मुख्यतः हे नाव आणि त्या साइटपासून तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या नेटजोडणीचा नंबर. गूगल किंवा फेसबुकवर लॉगिन करून बसलात, तर तुम्ही कोण हे त्यांना नळीतूनही कळतंच. दारातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कच्चा असेल, तर त्यावरही याचा उपाय नाही.

फुकट व्हीपीएनबद्दल तर मी अगदी कडक आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी घेतली. तिचं ॲप लोकांना संरक्षण म्हणून दिलं जात होतं, आणि त्यातूनच लोक कुठली ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून गेलं, २०१९ मध्ये गूगलच्या. ज्याच्या हातात घराची सगळी ये-जा द्यायची, त्याचं पोट कशावर चालतं हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे नोंदी पाच वर्षं जपून ठेवाव्यात. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. आज एखाद्या ॲपमध्ये 'भारत' निवडलंत, तर प्रत्यक्ष यंत्र सिंगापूरला असू शकतं.

मग व्हीपीएन कोणी घ्यावं? जो सतत हॉटेल, लॉज, विमानतळ, दुसऱ्याचं ऑफिस अशा परक्या वायफायवर काम करतो त्याने. पत्रकार किंवा वकील असाल आणि इंटरनेट कंपनीपेक्षा दुसऱ्या कोणावर विश्वास टाकणं तुम्हाला बरं वाटत असेल, तर तुम्हीही. अशांना मी दोन नावं सांगतो. स्वीडनची मुलवाड ईमेलसुद्धा मागत नाही, आणि दर महिन्याला ठरलेले ५ युरो घेते. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या कार्यालयात आले आणि रिकाम्या हाताने परत गेले, कारण देण्यासारखी नोंदच ठेवलेली नव्हती. दुसरी स्वित्झर्लंडची प्रोटॉन. तिची फुकट सेवा मी वरच्या नियमाला अपवाद मानतो, कारण ती पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालते. दोघांच्या ॲपचा कोड कोणालाही तपासता येतो.

राउटरने काय मिळतं

२०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, आणि तो त्या एकामागून एक लावून बघत होता. २१ ऑक्टोबरला त्याच उपकरणांकडून, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर विनंत्यांचा मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. उपकरणं सामान्य लोकांची होती, घराघरांतली. मावशीचा 'ॲडमिन' बघून मला तेच आठवलं.

आता प्रश्न असा, की इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावलेला राउटरचा डबाच सुधारावा की स्वतःचा राउटर घ्यावा?

डब्याच्या सेटिंगमध्ये तुम्हाला शिरता येत असेल, तर आधी पैसे खर्च करू नका. सेटिंगचा पासवर्ड बदला. वायफायच्या कुलपासाठी डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत असेल तर ती लावा, नसेल तर आधीची डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न लिहिता वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन साधारण ११ हजार प्रयत्नांत फुटतो हे २०११ मध्येच उघड झालंय. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असेल तर टीव्ही, कॅमेरा आणि बोलणारा स्पीकर त्यावर टाका, म्हणजे लॅपटॉप आणि फोन त्यांच्यापासून वेगळे राहतात.

पण डबा कंपनीचा असतो. तिला तो दुरून हाताळता येतो, आणि त्याचे अपडेट कधी येणार हे तीच ठरवते. काही डब्यांत डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलायची सोयही कुलूपबंद असते. अशा वेळी दोन-तीन हजारांचा स्वतःचा राउटर डब्याला केबलने जोडा आणि डब्याचं वायफाय बंद करा. मग कंपनीच्या डब्याला घरातली दहा उपकरणं दिसत नाहीत, एक राउटर दिसतो. तोटाही सांगतो. नेट बंद पडलं की नेटवाला फोनवर पहिलं वाक्य म्हणतो, "तुमचा राउटर काढून बघा." घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर हा त्रास खरा आहे.

राउटर घेताना खोक्यावरचा वेग बघण्याआधी कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देते का ते बघा. हाताशी वेळ असणाऱ्याने ओपनडब्ल्यूआरटीचा विचार जरूर करावा. २००४ पासून लोकांनी मिळून चालवलेली, राउटरमध्ये घालायची ही मुक्त प्रणाली कारखान्याने सोडून दिलेल्या कित्येक राउटरना आजही अपडेट देते. मात्र तिच्या यादीत मॉडेलचा नंबरच नाही, तर हार्डवेअरची आवृत्तीही जुळवून मगच खरेदी करा.

डीएनएस: फुकटातला मोठा फायदा

साइटचं नाव घेऊन पत्ता शोधून देतो तो डीएनएस. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ वेगवान आहे. स्वित्झर्लंडमधून चालणारी ना-नफा संस्था क्वाड९ तिच्या ९.९.९.९ वर घातक म्हणून नोंदलेली नावं उघडूच देत नाही. वीजबिलाच्या खोट्या लिंका फोनवर येणाऱ्या घरांसाठी मी डोळे झाकून क्वाड९ निवडतो, जरी अगदी ताजी खोटी लिंक त्यातूनही निसटू शकते. एक बारकावा मात्र बहुतेक जण विसरतात. राउटरमध्ये नुसता आकडा बदलला, तर विचारणा उघडीच जाते आणि इंटरनेट कंपनी ती वाचू शकते. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, तिथे सेवेचं नाव लिहिलं की विचारणाही बंद पाकिटात जाते.

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालणारं पाय-होल जाहिरातींची आणि पाळत ठेवणारी नावं घरभर अडवतं. मला ते फार आवडतं, पण ते यंत्र बसलं की सगळ्या घराचं नेट बसतं. देखभालीला कोणी असेल तरच लावा.

कोणत्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवावा

अव्हास्टचा अँटीव्हायरस लोकांनी सुरक्षेसाठी घातला होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने त्या कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले, कारण ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती ती विकत होती. तेव्हापासून 'संरक्षण' हा शब्द पाहून मी काहीच घेत नाही. कोड उघडा आहे का आणि पैसे कुठून येतात, हे दोनच प्रश्न विचारतो. विंडोजवर त्याच्यासोबत येणारा डिफेंडर अँटीव्हायरस घरच्या वापराला पुरतो.

पासवर्डसाठी घराघरात बिटवॉर्डन, म्हणजे सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवणारं ॲप. ते फुकट आहे, कोड उघडा आहे, फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालतं. ज्यांना तिजोरी कोणाच्याच सर्व्हरवर नको, त्यांनी कीपासएक्ससी घ्यावं, पण फाइलची प्रत ठेवायची जबाबदारी मग आपली. लास्टपास या तशाच ॲपच्या २०२२ मधल्या चोरीत तिजोऱ्यांच्या प्रती गेल्या, आणि त्यांत साइटचे पत्ते उघडे होते. तुमचे पासवर्ड तेव्हा तिथे असतील आणि अजून बदलले नसतील, तर ते काम आज करा. काकांना यातलं काही जमणार नव्हतं. त्यांना मी कपाटात वही ठेवायला सांगितली, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही कितीतरी बरी.

मावशीने व्हीपीएन घेतलं नाही. डब्यात डीएनएस बदलता येत नव्हता, म्हणून तिने राउटर घेतला, आणि दोन्ही फोनवर क्वाड९ लावलं. तिचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणाला, "राउटर बाहेरून उघडा ठेव, मी इथून बघेन." त्याला मी नाही म्हटलं. आई-बाबांचा राउटर परदेशातून सांभाळायची इच्छा मला समजते, पण ते दार सगळ्या जगाला उघडं राहतं. अपडेट आपोआप होतील असं सेटिंग लावलंय, आणि बाकी बघायला दर तीन महिन्यांनी मी जातो.