सूत्रकृमीवरचं तेल आणि पांढऱ्या मुळीचा तो फोटो

सांगोला तालुक्यात माझी 2 एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, 600 झाडं. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा धरतो. डिसेंबरात पाणी तोडून बाग ताणावर असताना एक जण बांधावर आला. कंपनीचा शर्ट, बोलणं अदबीचं. "दादा, एक मुळी उकरून बघू का?" म्हणाला. उकरली, आणि माळेत मणी ओवावेत तशा गाठी दाखवल्या. गाठी खऱ्याच होत्या. तिथेच मी त्याच्यावर विश्वास टाकला.

मग त्याने मुळाजवळची माती पाण्यात खळबळवली, त्यातला थेंब काचेवर घेतला आणि मोबाईलला जोडलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोऱ्यासारखे बारीक जीव वळवळत होते. "हेच सूत्रकृमी, मुळावर गाठी करतात ते," म्हणाला. वरून त्याने आपल्या तेलाचा एक थेंब सोडला. मिनिटभरात सगळं निपचित. "कडुनिंब, करंज, लसूण, झेंडू. रसायन अजिबात नाही." बाटलीला निंबोळीचा वास तर येतच होता. 1,850 रुपये लिटर, 12 लिटर घेतलं, 22,200 रुपये रोख मोजले. पक्कं बिल मोबाईलवर पाठवतो म्हणाला. ते कधीच आलं नाही.

जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला आणि आळवणी केली, म्हणजे ते तेल पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी ओतलं. कडेच्या 2 ओळींना औषध पुरलं नाही, त्या तशाच राहिल्या. वीसेक दिवसांनी तो परत आला, माती बाजूला सारली, तर लुसलुशीत पांढरी मुळी! मुळी हातात धरून माझा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं. मी टाकला. तो बघून शेजारच्या तिघांनी माल घेतला. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे जास्त लागलंय.

एप्रिलमध्ये पानं पिवळी पडू लागली, फळ फुगेना, भर दुपारी शेंडे माना टाकायचे. पुन्हा मुळ्या उकरल्या तर नव्या मुळीवरही गाठी. मग त्या सुटलेल्या 2 ओळी आठवल्या. तिथे उकरलं. तितकीच मुळी, तितक्याच गाठी. तेलाने चांगलं काही झालं नव्हतं, वाईटही नाही. काहीच झालं नव्हतं.

ड्रिपरखालची ओलसर माती आणि बारीक मुळ्या पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात नेल्या. तिथल्या तज्ज्ञांनी जे समजावलं ते प्रत्येक बागायतदाराला माहीत हवं. काचेखाली वळवळणारे सगळेच आपले शत्रू नसतात. कुजणाऱ्या शेणखतावर जगणारे निरुपद्रवी सूत्रकृमी कुठल्याही चांगल्या मातीत सापडतात. मुळावर गाठी करणाऱ्या जातीची मादी गाठीच्या आत एका जागी बसलेली असते, आणि तिची शेकडो अंडी चिकट आवरणात असतात. काचेवरच्या उघड्या थेंबात तेल टाकलं तर काहीही मरेल; जमिनीत गाठीच्या आत पोचणं ही वेगळीच गोष्ट. आणि पांढरी मुळी? ताण तोडून पाणी दिलं की ती येतेच. तो नेमका त्याच वेळेला धरून आला होता.

तालुका कृषी कार्यालयात तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी बाटली फिरवून पाहिली आणि नियम सांगितले. कीड मारण्यासाठी विकायचं औषध 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं लागतं, मग ते कडुनिंबाचं का असेना. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपायची तारीख हवी. निंबोळीच्या खऱ्या औषधावर अझाडिरॅक्टिन या त्यातल्या मुख्य घटकाचं प्रमाणही छापलेलं असतं, 1500 किंवा 10000 पीपीएम असं. माझ्या बाटलीवर फक्त 'मुळांच्या वाढीसाठी वनस्पतीजन्य अर्क' एवढंच. सूत्रकृमीचा शब्दही नाही. ते सगळं तोंडी होतं. त्यात बिल नाही आणि बाटल्याही फोडलेल्या, म्हणजे सीलबंद नमुना नाही. तक्रार तिथेच अडकली.

म्हणून हात जोडून सांगतो, असा माणूस आला तर पैसे काढण्याआधी लेबल वाचा, पक्क्या बिलाशिवाय माल उतरवू नका, एक बाटली न फोडता ठेवा आणि 10 झाडं मुद्दाम औषधाविना सोडा. माझ्या 2 ओळी चुकून सुटल्या म्हणून तरी मला खरं कळलं.

झाडपाल्यावरचा माझा विश्वास मात्र गेलेला नाही. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक द्रव्य सुटतं हे खरं आहे, निंबोळी पेंडही कामाची आहे. पण त्यांना वेळ लागतो, मिनिटभरात काही होत नाही. आता मी ओळींच्या दोन्ही बाजूंनी झेंडू लावलाय, झाडाला 2 किलो पेंड दिली आहे आणि शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सोडतोय. गाठी अजून आहेत. नव्या मुळीवर थोड्या कमी दिसतात, एवढंच आज सांगता येईल.

त्या तिघांच्या घरी जाऊन मी सगळं सांगून आलो. पण तो फोटो माझ्या हातातून केव्हाच सुटलाय. हातात पांढरी मुळी, मागे भगव्याची बाग, असा फोटो तुमच्या ग्रुपवर आला तर त्याखाली लिहा, की याच बागेत औषध न मिळालेल्या झाडांनाही तशीच मुळी फुटली होती.