आमच्या उद्यानातील कचरा संकलन: पालापाचोळ्याचे खत उत्तम, डब्यांची सोय अपुरी

आमच्या भागातल्या सार्वजनिक उद्यानात ओल्या कचऱ्यासाठी हिरवे आणि सुक्यासाठी निळे डबे बसवले असले, तरी या व्यवस्थेचा सर्वांत जमलेला भाग म्हणजे पालापाचोळ्याचे खत. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी असा कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. इथे तो कोपऱ्यातल्या विटांच्या हौदात शेणकाल्याचे थर देऊन कुजवला जातो आणि तयार झालेले काळेभोर, भुसभुशीत खत तिथल्याच वाफ्यांना घातले जाते, हे मला मनापासून आवडले.

डब्यांबाबत मात्र समाधान नाही. निळ्या डब्याच्या झाकणाला बाटली जाईल एवढेच गोल भोक ठेवल्यामुळे आतला माल स्वच्छ राहतो, हे खरे. परंतु चटणीने माखलेले भेळेचे कागद आणि फाटकाबाहेरच्या गाडीवरची शहाळी कुठे टाकायची, याची सूचना कुठेही नसल्याने रविवारी संध्याकाळी त्यांचा ढीग साचतो. तो सफाई कामगार ताईंना हातमोज्यांशिवाय उपसावा लागतो, हे अजिबात पटण्यासारखे नाही. हातमोजे आणि शहाळ्यांसाठी स्वतंत्र जाळीचा पिंजरा मिळेपर्यंत माझे गुण पाचपैकी तीनच.