तीन मजले, दोन स्लॅब आणि एक केबल: मेश वायफायचा दहा महिन्यांचा अनुभव

साताऱ्यातील आमच्या घराला तळमजला, पहिला मजला आणि गच्चीवरची एक खोली आहे. फायबरची जोडणी रस्त्याकडच्या दिवाणखान्यात येते आणि मी दिवसभर जिथे काम करतो ती गच्चीवरची खोली नेमकी मागच्या टोकाला, दोन स्लॅब आणि नऊ इंची विटांच्या भिंतीपलीकडे आहे. योजना २०० एमबीपीएसची असली तरी वर जेमतेम चार-पाच एमबीपीएस पोहोचत आणि सिग्नल उणे ८२ डीबीएम, म्हणजे अगदी क्षीण, दिसे.

प्रथम जिन्यात रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लावला. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसू लागल्या, पण वेग बारा-पंधराच्या पुढे जाईना. त्या काड्या फोन आणि रिपीटर यांच्यातील अंतरापुरत्या असतात. रिपीटरला मूळ राउटरकडून काय मिळते, ते त्यांतून कळत नाही. शिवाय आमचा रिपीटर एकाच रेडिओवरून माहिती घेत आणि पुढे पाठवीत असल्यामुळे वेग निम्म्यावर येई.

त्यानंतर तीन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय देणारे डबे, घेतला आणि प्रत्येक मजल्यावर एकेक डबा ठेवला. पहिल्या आठवड्यात मी वरचा डबा माझ्या टेबलावरच ठेवला होता आणि ती चूक होती, कारण डबा वापराच्या जागी नव्हे, तर खालच्या डब्याचा सिग्नल जिथे चांगला मिळतो तिथे ठेवावा लागतो. जिन्याच्या पोकळीत स्लॅबचा अडसर नसल्याने तिन्ही डबे जिन्यालगत एकावर एक येतील असे मांडले, तेव्हा वरच्या खोलीत पन्नासच्या आसपास वेग मिळू लागला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी स्लॅबमध्ये २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर क्षीण होतात, त्यामुळे डब्यांचा आपसातला बिनतारी दुवा हाच या संचाचा कच्चा भाग राहिला.

म्हणून तिसऱ्या महिन्यात जिन्यातून कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल ओढून तिन्ही डबे तारेने जोडले, आणि खरा फरक या केबलने पडला. केबल पूर्ण तांब्याची आहे याची खात्री करून घेतली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली केबल स्वस्त पडते, पण तिच्या तारा वाकवताना तुटतात. विजेच्या पाइपमधून ती नेली नाही आणि पावसाळ्यातील विजांच्या भीतीने बाहेरच्या भिंतीवरूनही नेली नाही.

इतके करूनही वरच्या खोलीतला वेग बरोबर ९४ वर अडकला होता. मी आठवडाभर मेशच्या सेटिंग चाळत बसलो; दोष मात्र टोकाच्या क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवण्यात, निघाला. गिगाबिट जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. त्यातली एक तार नीट बसली नव्हती, म्हणून जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली होती, आणि अशा जोडणीवर प्रत्यक्ष वेग ९४-९५ इतकाच मिळतो. टोक नव्याने क्रिम्प केल्यावर वरही १९० च्या पुढे वेग मिळाला आणि तो आजतागायत टिकून आहे.

दोन गोष्टी आणखी सांगण्याजोग्या आहेत. फायबरचा डबा स्वतःच राउटरचे काम करीत असल्याने मेश संच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता फक्त वायफाय देण्यापुरता, ठेवला. त्यापूर्वी दोन राउटर एकामागे एक झाल्यामुळे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित व्हीपीएन जोडणी वारंवार तुटत असे. आईचा जुना फोन पहिल्या मजल्यावर गेला तरी तळमजल्याचाच डबा धरून बसे, आणि मावशीशी चाललेले तिचे बोलणे जिन्यात अडखळे. तळमजल्याच्या डब्याची प्रक्षेपणशक्ती मध्यम केल्यापासून तो त्रास जवळजवळ थांबला आहे. वीज गेली की मात्र तिन्ही डब्यांना पुरवठा लागतो. आमचे खालचे दोन डबे इन्व्हर्टरवर आहेत. वरच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागला.

धाकट्या भावाच्या घराचे बांधकाम सध्या चालू आहे. तिथे स्लॅब पडण्यापूर्वीच, विजेच्या पाइपपासून हातभर दूर, जिन्यालगत एक रिकामा पाइप टाकून घेतला आहे.