तीन फुटी कॉटवर कोणती उशी? दवाखान्यातल्या बेड रेस्टसाठी चार प्रकारांची पारख

गरोदरपणात वार (प्लासेंटा) खाली आहे, पाणी जातंय, बीपी चढलंय किंवा दिवस भरायच्या आधीच कळा येताहेत, म्हणून दोन-तीन आठवडे ॲडमिट राहायला सांगितलं की घरचे मोबाईलवर ‘प्रेग्नन्सी पिलो’ शोधतात आणि त्यातली सगळ्यात मोठी, यू आकाराची मागवतात. घरच्या रुंद दिवाणावर ती सुखाची आहे. दवाखान्यात मात्र ती नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अडचण मापाची आहे. वॉर्डातली कॉट साधारण ३६ इंच रुंद असते. यू उशीचा एकेक हात फुगल्यावर ८ ते ९ इंच जाड भरतो. दोन्ही बाजूंचे मिळून १८ इंच गेले की पोटासकट बाईला उरतात जेमतेम १८ इंच. कूस बदलायची तर उशी नाही, बाईच अडकते. सिस्टरला बाळाचे ठोके ऐकायला, पोटाला एनएसटीचा (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या तपासणीचा) पट्टा बांधायला, सलाईनच्या हाताकडे पोचायला दर वेळी ती तीन किलोची उशी उचलावी लागते. झटका येण्याइतकं बीपी वाढलेल्या बाईच्या तोंडाजवळ एवढं मऊ भेंडोळं असणं तर धोक्याचंच. शिवाय आतला पॉलिस्टरचा फायबर एकदा भिजला की लवकर वाळत नाही, आणि वॉर्डात वाळत घालायला दोरी कुठली? किनवटहून नांदेडला किंवा धारूरहून अंबाजोगाईला एसटीने येताना ते गाठोडं सांभाळणं वेगळंच.

सी आकाराची उशी थोडी बरी. एकच बाजू अडते. पण कूस बदलताना ती डोक्यावरून फिरवून पलीकडे घ्यावी लागते, आणि ‘उठायचं नाही’ असं सांगितलेल्या बाईला हे दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाही. सोबतीला कायम कुणी असेल तरच घ्या.

आमची पहिली पसंती पाचरीच्या उशीला, म्हणजे दुकानात ‘वेज पिलो’ म्हणतात तिला. आकाराने हातभर, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. बारा इंच लांब आणि चार इंच उंच पाचर म्हणजे साधारण १८ अंशांचा उतार. नेमका एवढाच उपयोगाचा असतो. पाच महिन्यांनंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, गरगरतं, घाम फुटतो. एका कुशीला १५ अंश कललं तरी तो दाब थोडा उतरतो. पाचर पाठीमागे, खांद्यापासून कमरेपर्यंत सारायची, जाड बाजू बाहेर. पूर्ण डाव्या कुशीवर असाल तर तीच पोटाखाली, पातळ बाजू आत. डावी कूस उत्तम, पण दिवसभर तिच्यावरच राहिलं तर खुबा दुखून येतो. दर दोन तासांनी उजवीकडे वळायला हरकत नसते. घेताना फोम अंगठ्याने दाबून बघा. बोट तळापर्यंत जात असेल तर आठवड्यात ती पोळीसारखी चपटी होईल.

पाचरीची कमतरता एकच: गुडघ्यांमध्ये ती निरुपयोगी. तिथे लागतो लोड, म्हणजे लांबट गोल उशी, आणि तो विकत घेण्यापेक्षा गादीवाल्याकडून भरून घ्यावा. मराठवाड्यात कापसाला काय तोटा! ३० इंच लांब, ६ इंच जाड, सव्वा ते दीड किलो नीट पिंजलेला, सरकी नसलेला कापूस, घट्ट भरलेला. लांबी महत्त्वाची, कारण लोड गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरला पाहिजे. फक्त गुडघ्यात छोटी उशी घातली की पाऊल खाली लोंबतं, खुबा पिळतो आणि रात्री कंबर धरते. बाजारातल्या फायबरच्या लोडापेक्षा कापूस गार राहतो आणि दबला तर उन्हात टाकून, काठीने झोडपून पुन्हा फुगवता येतो. हाच लोड गुडघ्याच्या लवणीत घालून उताणं पडून राहू नका. तिथे सतत दाब राहिला की पायातलं रक्त तुंबतं.

खोळींबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे चुकतात. डाग दिसू नयेत म्हणून गडद मरून, काळी खोळ घेतली जाते. रक्तस्राव किंवा पाणी जाण्यासाठी ॲडमिट असलेल्या बाईला ती अगदी अयोग्य. डॉक्टरांना रंग दिसायला हवा: ताजं लाल की जुनं तपकिरी, पाणी स्वच्छ की हिरवट. हिरवट म्हणजे बाळाने पोटात शी केलेली असू शकते, ते लगेच सांगायचं असतं. तेव्हा पांढरी किंवा फिकट सुती खोळ, किमान तीन, चेन एका टोकाला असलेली (लांब बाजूची चेन मांडीला घासते). खोळीच्या आत प्लास्टिकचं अस्तर फक्त पाचरीला, लोडाला नको.

गादीही रेक्झिनची असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पाठ अक्षरशः चिकटते, घामोळं येतं. चादरीखाली जुन्या सुती लुगड्याची पातळ वाकळ घाला. मखमली कव्हरची कुठलीही उशी या दिवसांत नकोच.

कॉटचं डोकं हँडल फिरवून वर घेताना आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचला, नाहीतर अंग खाली घसरत राहतं आणि माकडहाडावर कातडी सोलते. पायथ्याला विटा देऊन कॉट उंच करायची की नाही, हे डॉक्टरच सांगतील. त्याने छातीतली जळजळ वाढते. बीपी मोजताना उशांच्या आधाराने कुशीवर असाल आणि वरचा हात हृदयापेक्षा उंच असेल, तर आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. तेवढ्यापुरतं टेकून बसा.

सतत पडून राहिल्याने पायात होऊ शकणारी रक्ताची गुठळी कुठलीही उशी टाळत नाही. जागेपणी दर तासाला पावलं वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवायची. ‘आराम’ म्हणजे नेमका किती, संडासला चालत जायचं का, बसून जेवायचं का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आता पूर्ण झोपून राहायला सरसकट सांगितलं जात नाही. एकच पोटरी दुखून सुजली तर आईने, सासूबाईंनी पाय चेपून देऊ नये, लगेच सिस्टरला सांगावं.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून औषधं, तपासण्या, जेवण मोफत आहे. उशा मात्र घरूनच न्यायच्या असं धरून चला. यू उशीला हजार-दोन हजार जातात, त्याच्या निम्म्यात पाचर आणि लोड दोन्ही होतात. ऑनलाईन मागवण्याआधी परतीची अट वाचा. अंगाला लागणारा माल म्हणून पाकीट फोडल्यावर बरेच विक्रेते परत घेत नाहीत. घाई असेल तर लोडाचं माप आधी गादीवाल्याला द्या, भरायला त्याला वेळ लागतो, आणि पाचर येईपर्यंत पाठीमागे घट्ट घडी केलेली वाकळ चालते.