हौशी नाट्यसंस्थेत एक सीझन बॅकस्टेजला काढला, त्याचा रिव्ह्यू (सांगली)

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी साडेतीन. त्यातला अर्धा स्टार तालमीला चहा आणून देणाऱ्या मावशींचा आहे, तो काढला तर तीनच.

संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली दोनतीन ठिकाणी मी चिडलेय आणि त्यातले निम्मे लोक मला भाजी घेताना भेटतात. सांगलीतल्यांनी ओळखलं तर ओळखू दे, पण कमेंटमध्ये नाव टाकू नका प्लीज.

तर सांगलीला नाट्यपंढरी म्हणायची पद्धत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, नाटककार देवल आपल्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचेच, हे सगळं आम्हाला शाळेपासून तोंडपाठ. आणि मी म्हणजे पंढरपुरात जन्म काढून कधी देवळात न गेलेल्यातली. भावे नाट्यमंदिरात नाटकं बघितली तीसचाळीस, पण पडद्याच्या मागं काय असतं ते त्रेचाळीस वर्षांत कधी डोकावून बघितलं नव्हतं. मुलगी कॉलेजला पुण्याला गेली, संध्याकाळी घरात मी, नवरा आणि टीव्ही, आणि टीव्ही नवऱ्याकडं. गेल्या जुलैत वाचनालयाच्या बोर्डावर कागद दिसला, 'आगामी नाट्यहंगामासाठी नवीन कलाकार व तंत्रज्ञ पाहिजेत, अनुभवाची अट नाही'. गेले.

पहिली तक्रार इथंच. कागदावर 'कलाकार' हा शब्द पहिला होता. एका शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, आम्ही नवीन अकराबारा जण उतारे वाचतोय, दिग्दर्शक (सगळे त्यांना भाऊ म्हणतात) मान डोलवतायत, माझं झाल्यावर म्हणाले आवाज छान आहे, बघू. या 'बघू'चा अर्थ मला दिवाळीत कळला. मोठ्या भूमिका गुढीपाडव्यालाच ठरलेल्या होत्या, उरलेल्या दोन छोट्या भूमिका ज्यांनी आधीच्या वर्षी सेटच्या लेव्हल्स (स्टेजवर उंची करायला ठेवतात ते लाकडी चौथरे) उचलल्या होत्या त्यांना गेल्या. आता ते चूक आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, ज्यानं राबायचं त्याला आधी मिळावं हे बरोबरच आहे, पण मग बोर्डावर सरळ लिहा ना की बॅकस्टेजला माणसं हवीत. बाराजणांतले आठ दुसऱ्या रविवारी आलेच नाहीत, आणि त्यांना काय दोष द्यायचा.

मी राहिले कारण एक काका जवळ येऊन म्हणाले, "ताई, प्रॉपर्टी बघाल का?" मला सातबाराच आठवला.

प्रॉपर्टी म्हणजे स्टेजवर हातात येणारी प्रत्येक वस्तू. आमच्या दोन अंकी नाटकात एकूण त्रेसष्ट निघाल्या, मी मोजल्यात. चष्म्याचं घर, जुना डायलचा टेलिफोन, तांब्याभांडं, औषधाच्या बाटल्या, तीन पत्रं, त्यातलं एक पत्र दुसऱ्या अंकात टराटरा फाडतात म्हणजे तालमी धरून तशी किमान वीस पत्रं लिहून ठेवायची, आणि लिहायचीच, कारण कोरा कागद दिला की आमच्या हिरॉइनबाई अडखळायच्या. विंगेत एक टेबल मिळतं, त्यावर पांढरा कागद चिकटवायचा, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा पेन्सिलीनं काढायची आणि वस्तू त्याच जागेवर ठेवायची, अंधारात रिकामी बाह्यरेषा दिसली की समजायचं काहीतरी बाहेर राहिलंय. हे मला काकांनी शिकवलं. मी आयुष्यभर अकाउंट्स केलंय, एवढा सुंदर बॅलन्सशीट मी बघितला नव्हता.

काकांबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, वय सत्तरच्या पुढं, संस्थेचं नेपथ्य गेली कित्येक वर्षं यांच्याकडं. संस्थेचे जुने फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती म्हणून उभ्या करतात त्या लाकडी चौकटी, एका तळघरात ठेवलेले होते आणि २०१९ च्या पुरात सगळे पाण्यात गेले, प्लाय फुगला, कापड कुजलं. नवीन करायला पैसे नव्हते म्हणून काकांनी त्याच चौकटी वाळवल्या, तिरक्या पट्ट्या मारून सरळ केल्या, वर नवीन मांजरपाट ताणलं, खळ लावली, डिस्टेंपर मारला. अजूनही पावसाळी हवेत त्या फ्लॅटांना गाळाचा वास येतो, मी खोटं सांगत नाही. त्यांच्या हाताखाली मी फ्लॅटला मागून टेकू कसा लावायचा, दोन फ्लॅट सुतळीनं कसे आवळायचे की एका झटक्यात सुटले पाहिजेत, आणि ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे स्टेजवरचे सगळे दिवे घालवतात तेव्हा, पळायचं नसतं, पावलं मोजून चालायचं असतं, हे शिकले. फर्निचरच्या पायांच्या जागी स्टेजवर रेडियमच्या टेपचे तुकडे लावतात, ते लावायचं काम पण माझ्याकडंच आलं, करंगळीच्या नखाएवढे तुकडे हवेत, मोठे लावले की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांना तारांगण दिसतं. (विचारा मला कसं माहीत.)

आता तालमी. वेळ साडेसातची, सुरू व्हायची पावणेनऊला. कुणी कुपवाड एमआयडीसीतनं शिफ्ट संपवून येतोय, कुणी मिरजेहून, कुणाची क्लासची बॅच सुटायचीय, हे समजू शकते मी, हौशी म्हणजे पोटाचं करून उरलेल्या वेळात करायचं, पण जे वेळेवर येतात त्यांनी सव्वा तास बसून करायचं काय? नुसत्या गप्पा. आणि मग संपायला अकरा, साडेअकरा. शाळेचं टॉयलेट कुलूपबंद, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई आठला घरी. आम्ही बायका चौघी होतो आणि रात्री कुणी कुणाला सोडायचं याचा विचार संस्थेत कुणीच केला नव्हता, वाईट हेतूनं नव्हे, सुचलंच नाही कुणाला. शेवटी सप्टेंबरात आम्ही तिघींनी सांगितलं की दहाला उठणार, सीन कुठंही असू दे. भाऊ दोन मिनिटं गप्प बसले, म्हणाले बरं. झालं! एवढंच होतं. दुसऱ्या दिवसापासून तालीम सव्वासातला सुरू व्हायला लागली, टॉयलेटची किल्ली पण मिळाली. आधीच का नाही बोललो असं वाटलं.

खर्चाचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. वर्गणी वर्षाला ५०० रुपये, पावती मिळते. प्रॉपर्टीसाठी मी खिशातनं २८०० घातले, त्यातले १९०० परत मिळाले, बाकीचे 'पुढच्या हंगामात ॲडजस्ट करू'. पेट्रोल आपलं आपण. हिशोब एका छोट्या वहीत आणि वही सेक्रेटरींच्या डिकीत. मी अकाउंट्सवाली आहे कळल्यावर ती डिकीतली वही आणि सोबत कागदपत्रांची आख्खी फाईल माझ्या गळ्यात आली, यात माझाच मूर्खपणा, बोलायला नको होतं.

पण त्या फाईलमुळं एक कळलं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं म्हणजे नुसतं नाटक बसवून चालत नाही. स्पर्धा घेतं सांस्कृतिक कार्य संचालनालय, तिकडं प्रवेशिका भरायची, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्डच म्हणा) प्रमाणपत्र लागतं, लेखकाचं परवानगीपत्र लागतं. आमच्याकडं लेखकाला फोन केला होता ऑगस्टमध्ये, ते हो म्हणाले होते, आणि पत्र मागायचंच सगळे विसरले. शेवटच्या चार दिवसांत जी पळापळ झाली ती मी पुन्हा करणार नाही. कुणी नवीन संस्थेत जाणार असाल आणि अभिनयात रस नसेल तर ही फाईल मागून घ्या. तुम्हाला कुणी काढणार नाही कधीच.

स्पर्धेचा दिवस. सकाळी थिएटर ताब्यात मिळालं, टेम्पो दोन फेऱ्या, सेट उभा राहीपर्यंत दुपार, लाइट लावणाऱ्या पोरानं शिडीवर बसूनच वडापाव खाल्ला, पुरता रनथ्रू झालाच नाही, फक्त एंट्रीएक्झिट आणि लाइटचे क्यू. नटराजाची पूजा, नारळ, ज्येष्ठांच्या पाया पडणं, हे सगळं विंगेत दाटीवाटीनं. तिसरी घंटा झाली आणि माझे हात गार. प्रेक्षकांत परीक्षकांच्या टेबलावर छोटे दिवे असतात ते विंगेतनं दिसतात, ते बघू नका, मी सांगते, मी बघितले आणि पोटात गोळा आला.

पहिल्या अंकात काडेपेटी विसरले. टेबलावरच्या कागदावर काडेपेटीची बाह्यरेषा रिकामी दिसतेय, म्हणजे ती स्टेजवर असायला हवी, पण ती होती माझ्या पर्समध्ये, पूजेला उदबत्ती लावायला मीच उचललेली. स्टेजवर समई लावायचा सीन. आमचा नट खिसे चाचपतोय, मी विंगेत मरतेय, आणि त्यानं शांतपणे आत बघून आवाज दिला, "अगं, काडेपेटी पण लपवून ठेवलीस का माझ्यापासून?" आणि हिरॉइनबाई विंगेत येऊन माझ्या हातातनं काडेपेटी घेऊन परत गेल्या. हशा आला. नंतर एक परीक्षक म्हणे त्या जागेचं कौतुक करून गेले! मी तोंड बंद ठेवलं. आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

दोन सीनच्या मधला ब्लॅकआउट वीस सेकंदांचा होता. त्यात टेबल बाहेर, खाट आत, टेलिफोन खाली, औषधं वर, चार माणसं, एक अक्षर न बोलता. ते वीस सेकंद नीट गेले ना, त्यासाठी मी अख्खा सीझन पुन्हा करायला तयार आहे. नाटक बघणाऱ्याला ते दिसतही नाही, दिवे येतात आणि खाट असते, बस. घरी येऊन नवऱ्याला सांगायला गेले तर म्हणाला, खाट हलवली होय, बरं.

निकाल, प्राथमिक फेरीत आमच्या केंद्रावर तिसरे आलो, म्हणजे अंतिम फेरी नाही. नेपथ्याचं दुसरं बक्षीस काकांना. रंगभूषेला, प्रकाशयोजनेला बक्षीस असतं, प्रॉपर्टीला नसतं. पत्रकावर 'विशेष साहाय्य' मध्ये माझं आडनाव चुकीचं छापलं होतं, ते मी फ्रेम करून ठेवलंय.

आता या वर्षीचं. संहितेची वाचनं चालू झालीत, तालमी गणपती झाले की. स्पर्धेचं दोन अंकी नाटक, मग जानेवारीत एकांकिका, मे महिन्यात मुलांचं शिबिर असं ठरतंय, यातलं शिबिर नक्की होईल, कारण त्यातनं पैसे येतात आणि एकांकिका त्या पैशांवरच चालते. बदल काय झालेत तर तालीम सात ते दहा, आठवड्याचं वेळापत्रक रविवारी व्हॉट्सॲपवर (तीनपैकी दोन आठवडे तरी येतं), आणि खर्चाचा हिशोब महिन्याला ग्रुपवर, ते मी करतेय. माझे ९०० अजून ॲडजस्ट झालेले नाहीत, ते पण त्या हिशोबात दर महिन्याला लिहिते, सगळ्यांना दिसेल असं.

कुणी जावं? शिवण येत असेल तर डोळे झाकून जा, कपडेपट सांभाळायला कुणीच नाहीये. लाइटचं शिकायचंय अशी पोरं हवीत, डिमरवर (दिवे कमीजास्त करायचं यंत्र) बसायला देतात लगेच, पुण्यामुंबईत याच्यासाठी थांबावं लागेल. ज्यांना पहिल्याच वर्षी भूमिका हवी त्यांनी जाऊ नये, किंवा जाताना भाऊंना तोंडावर विचारावं की रोल शिल्लक आहेत का, ते खोटं बोलत नाहीत, फक्त विचारल्याशिवाय बोलत नाहीत. घरी लहान मूल असेल तर आधी शिबिरापासून सुरुवात करा, ते दिवसा असतं.

दीड स्टार का कापला ते कळलंच असेल. बोर्डावरचा कागद या वर्षी मी लिहिलाय, त्यात पहिला शब्द 'तंत्रज्ञ' आहे आणि खाली कंसात सतरंजी उचलण्यापासून असं पण घातलंय. काकांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंय, ते खुर्चीवर बसून ओरडणार आहेत, त्यामुळं लेव्हल्स उचलायला दोन धडधाकट माणसं अर्जंट लागणारेत. रविवारी सकाळी दहाची वेळ दिलीय, म्हणजे अकराला या.