चेनला आपोआप तेल देणारा ऑइलर: साताऱ्याच्या पावसाळ्यातील परीक्षण

दर पाचशे किलोमीटरच्या आसपास चेन साफ करून तिला तेल द्यावे, असे बहुतेक मोटारसायकलींच्या माहितीपुस्तिकांत सांगितलेले असते. परंतु हा हिशोब कोरड्या रस्त्याचा आहे. जुलैमध्ये साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला जाऊन आलेल्या गाडीच्या चेनवरचे तेल एका दिवसात धुऊन जाते, त्या जागी जांभ्याची तांबडी माती बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या पट्ट्यांवर गंजाची छटा दिसू लागते. अशा हवामानात स्वयंचलित ऑइलर कितपत उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या कार्बोरेटरच्या, उघड्या ओ-रिंग चेनच्या (सांध्यांत रबरी कडी असलेल्या चेनच्या) गाडीवर स्कॉटलंडच्या स्कॉटऑइलर कंपनीचा व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या शोषणाने निर्माण होणाऱ्या कमी दाबावर, चालणारा व्ही-सिस्टीम हा संच बसवला.

त्याची रचना साधी आहे. तेलाच्या छोट्या टाकीवरून एक रबरी नळी इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा-इंधनाचे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीला) जोडलेली असते. इंजिन सुरू होताच तेथील व्हॅक्यूममुळे आतला पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि तेल केवळ गुरुत्वाकर्षणाने बारीक नळीतून मागच्या स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रापर्यंत, उतरते. इंजिन बंद केले की झडप मिटते. तेल चेनवर नव्हे, तर स्प्रॉकेटच्या सपाट अंगावर, चेन खालून येऊन दात्यांना भिडते त्या जागेच्या किंचित आधी पडावे लागते. फिरणारे स्प्रॉकेट ते बाहेरच्या दिशेने फेकते, म्हणजेच दात्यांवर आणि तेथून चेनच्या रोलरवर (पट्ट्यांमधील फिरत्या नळकांड्यांवर) नेऊन पोहोचवते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ओ-रिंग चेनमधील पिन आणि तिच्याभोवतीचा बुश यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरून रबरी कड्यांनी बंद केलेले असते, त्यामुळे बाहेरून कितीही तेल दिले तरी ते तेथपर्यंत जात नाही. ऑइलरचे काम बाहेरचे आहे: रोलर आणि दाते यांच्यातील घर्षण कमी करणे, रबरी कडी कोरडी पडू न देणे, गंज रोखणे आणि सतत झिरपणाऱ्या पातळ तेलाबरोबर मातीचे कण बाहेर टाकणे. शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. स्प्रेने दिलेले चिकट ल्यूब उन्हाळ्यात उत्तम टिकते, पण पावसाळ्यात त्याच चिकटपणावर कासची माती आणि रस्त्यावरची वाळू बसून पॉलिश पेपरसारखा थर तयार होतो. ऑइलर बसवल्यानंतर हा थर जमणे जवळजवळ थांबले आणि चेन ताणून घेण्याची वेळही पूर्वीपेक्षा बरीच उशिरा येऊ लागली.

संचाचे यश मात्र थेंबांचा वेग ठरवण्यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळही तेथेच असते. मिनिटाला साधारण एक थेंब हे प्रमाण धरले आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तर तासाला तीन मिलिलिटर तेल लागते. ५० मिलिलिटरची टाकी सोळा-सतरा तास पुरते, म्हणजे घाटरस्त्यांच्या सरासरी वेगाने सहाशे-सातशे किलोमीटर. परंतु थंडीत तेल घट्ट होते आणि उन्हात पातळ, त्यामुळे एकाच खुणेवर ठेवलेली, थेंबांचा वेग ठरवणारी चावी डिसेंबरच्या पहाटे पाचगणीकडे जाताना चेन उपाशी ठेवते आणि एप्रिलच्या दुपारी फलटणच्या वाटेवर रिम तेलाने माखून टाकते. कंपनीचे निळे तेल ० ते ३० अंशांसाठी आणि लाल तेल २० ते ४० अंश सेल्सिअससाठी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल तेल घालावे आणि ऋतू बदलला की चावी पुन्हा जुळवावी. गॅरेजमध्ये सहज मिळणारे ९० नंबरचे गिअर ऑइल हाताने चेनला देण्यास उत्तम आहे, पण ते या बारीक नळीसाठी फार जाड पडते.

व्हॅक्यूमच्या पद्धतीत एक मूळचीच मर्यादा आहे. झडप इंजिनाकडे पाहते, चाकाकडे नव्हे. पोवई नाक्यावर वाहतुकीत अडकून इंजिन चालू ठेवले, तर स्थिर स्प्रॉकेटवरही थेंब पडत राहतात आणि ओघळ रिमवर येतो. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या सर्वच गाड्यांत व्हॅक्यूमसाठी सोयीचे तोंड उपलब्ध नसते, आणि जोडणीतून हवा शिरली तर इंजिनाचे आयडलिंग (उभ्या गाडीत मंद चालणे) बिघडते. नव्या गाडीसाठी त्याच कंपनीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली अधिक योग्य ठरते. ती बॅटरीवर चालते आणि गाडीची हालचाल ओळखून तेल सोडते. इंग्लंडच्या टुटोरो या ऑइलरमधील झडप हालचालीनेच उघडते, तर कोब्रा कंपनीच्या निमोमध्ये टोपण हाताने फिरवून तेल सोडावे लागते. निमोला स्वयंचलित म्हणता येणार नाही, तरी विसरभोळा नसलेल्या स्वारास ती पुरेशी आहे.

संच बसवताना नळीच्या टोकाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. एकदा सर्व्हिसिंगहून परत आलेल्या माझ्या गाडीत ते टोक टायरच्या बाजूला वळलेले आढळले. मागच्या टायरच्या कडेला तेल लागले असते, तर पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी घसरली असती. त्यामुळे गाडी दुसऱ्याच्या हातून परत आली की टोक तपासणे अनिवार्य आहे. तसेच ऑइलर असला तरी चेन अधूनमधून धुवावीच लागते. त्यासाठी रॉकेल वापरावे. गॅरेजमध्ये सर्रास वापरले जाणारे पेट्रोल रबरी कड्यांना घातक असते.

टपालखर्च आणि आयात शुल्क धरता हा संच मला चेन-स्प्रॉकेटच्या एका पूर्ण संचापेक्षा महाग पडला. त्यामुळे वर्षभर साताऱ्यातून एमआयडीसीपर्यंतच जाणाऱ्या, पूर्ण चेन कव्हर असलेल्या शंभर सीसीच्या गाडीवर तो बसवण्यात अर्थ नाही. तेथे महिन्याला कव्हरच्या खिडकीतून दिलेले तेल पुरते. ज्यांना पावसाळ्यात मेढ्यामार्गे महाबळेश्वर, कोयनानगर किंवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण असा प्रवास वारंवार करावा लागतो आणि ज्यांची चेन उघडी आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा, पण पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी रिम पुसून थेंबांचा वेग ठरवण्याची तयारी ठेवूनच.