रेंज नाही म्हणून 9,700 रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

तीन दिवस लिहू की नको चाललं होतं, लाज वाटते हो. पण काल वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "तो रेंज वाढवायचा बूस्टरवाला कोण होता, नंबर द्या ना", मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

फॅमिली पोस्टपेड घेतलं, 12 महिन्यांचा लॉक-इन, 999 चा प्लान, जीएसटी धरून 1,178 रुपये 82 पैसे. दुकानात फुल रेंज. घरी किचनच्या खिडकीला चिकटून उभं राहिलं तर एक दांडी, बेडरूममध्ये तीही नाही. कस्टमर केअरला सात वेळा फोन केला, दरवेळी "24 तासांत टेक्निकल टीम संपर्क करेल" आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, तक्रार सोडवली आहे. कोणी सोडवली, कधी सोडवली? 1900 ला पोर्टचा मेसेज टाकला तर करार बाकी आहे म्हणून रिजेक्ट, आधी सुटायचं तर 3,000 भरा. शेवटी वैतागून कंपनीला टॅग करून पोस्ट टाकली, सोबत तक्रारीचा स्क्रीनशॉट, त्यात माझा मोबाईल नंबर आणि तक्रार क्रमांक दोन्ही दिसत होते.

दुसऱ्याच दिवशी फोन. "सर, नेटवर्क टीममधून बोलतोय", आणि तक्रार क्रमांक अगदी बरोबर सांगितला. कंपनीच्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणार असं मला वाटलं. तो नंबर मीच सगळ्यांना दाखवून बसलोय हे सुचायला चार दिवस लागले. संध्याकाळी माणूस आला, गळ्यात आयकार्ड, हातात पत्र्याचा डबा, निळा लाईट, खिडकीच्या ग्रिलला लावायचा पांढरा अँटेना. बूस्टर 8,500, फिटिंग 1,200.

क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुठल्यातरी बाईचं नाव. माझं बोट थांबलं होतं. खरंच थांबलं होतं. विचारलंसुद्धा, "हे कोणाचं नाव?" तो स्टुलावर उभा राहून ग्रिलला वायर बांधत होता, मागे न बघताच म्हणाला, "वेंडरचं अकाउंट आहे सर, बिल कंपनीकडून मेलवर येईल." आणि मी पिन टाकला. रात्री झोप लागत नाही ती या दहा सेकंदांमुळे. पण आई दिवसभर घरी एकटी असते, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडली, तीन वेळा मला फोन लावत होती आणि लागलाच नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा.

बिल आलंच नाही. दांड्या फुल दिसायच्या पण कॉल अर्ध्यात तुटायचे, आणि बाराव्या दिवशी हातात अँटेना घेऊन बूस्टर शोधत चार माणसं दारात. शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही कॉल तुटायला लागले होते, असले डबे टॉवरकडे नुसता गोंगाट पाठवतात म्हणे. बूस्टर विनापरवाना लावणं तर सोडाच, जवळ ठेवणंसुद्धा बेकायदा आहे, 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून. सहा महिने रेंज नाही म्हणून ओरडत होतो तेव्हा एक माणूस फिरकला नाही, आणि हे काढायला चौघं आले!

पोलीस स्टेशनला गेलो, साहेब म्हणतात पैसे तुम्हीच दिलेत, वस्तूही मिळाली, फसवणूक कुठे? वर, बेकायदा वस्तू तुमच्याच घरात होती ना? हेल्पलाइनवाले म्हणतात पोलिसांत जा, पोलीस म्हणतात सायबरला जा, सायबरला गेलो तर ज्यांच्याकडे अर्ज द्यायचा ते साहेब सुट्टीवर. दोन दिवस ऑफिस बुडवलं, हातात काय तर एका अर्जाची पोच. माणसाचा फोन बंद, पण क्यूआरवर नाव आलं होतं ना, अकाउंट कोणाचं ते बँकेला विचारायला किती वेळ लागतो?

तक्रारीचा स्क्रीनशॉट कधीही उघड्यावर टाकू नका. पैसे गेले की त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मी पंधरा दिवसांनी लावला. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे वेळ घालवू नका, कंपनीकडेच तक्रार करून नंबर घ्या आणि नाही ऐकलं तर अपिलात जा, प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी ठेवावाच लागतो. ग्राहक आयोगात टेलिकॉमची केस चालत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, चालते, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये तसा निकाल दिलाय. आणि लॉक-इनवर सही करायच्या आधी त्याच कंपनीचं सिम असलेला कोणाचा तरी फोन आणून घराच्या प्रत्येक खोलीतून कॉल लावून बघा.

घरात वायफाय आहे आमच्याकडे. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की कॉल तिथूनच जातात, फुकट. हे मला ऑफिसातल्या एका पोराने दोन मिनिटांत करून दाखवलं, सात वेळा फोन केला तेव्हा कस्टमर केअरच्या एकालाही सांगता आलं नाही. आता आईचा फोन लागतो. लॉक-इनचे पाच महिने अजून बाकी आहेत, म्हणजे आणखी 5,894 रुपये 10 पैसे.